हॅलोकाकूंच्या कोंबड्या आणि शेजारचा फोरमन

माझ्या काकूला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. ती सगळ्यांची हॅलोकाकू. दार उघडलं की हॅलो, दूधवाला आला की हॅलो, एकटीच बसलेली असताना काही आठवलं तरी आधी हॅलो आणि मग आठवण. यात तिचा काही दोष नाही. उभी हयात तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लांबच्या गावी फोन लावायचा तर मध्ये एक बाई लागायची, त्या काळातली ही मधली बाई. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांची फळी आणि हातात वायरी. इकडची वायर तिकडच्या भोकात खोचली की दोन माणसं बोलायला लागायची आणि ही गप्प व्हायची. गप्प राहण्याचा पगार घेणारी आमच्या घराण्यातली ती पहिली आणि बहुधा शेवटची व्यक्ती.

एक्स्चेंजचे दोन नियम तिच्या अंगात मुरले होते. पहिला, लाईनवरचं लाईनवर. कोण कोणाला काय बोललं ते कानात शिरायचं आणि तिथेच राहायचं. आख्ख्या गावाची भांडणं, सोयरिकी आणि दुखणी तिला ठाऊक होती, पण काकांनासुद्धा तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही. दुसरा नियम, कॉल संपला की धन्यवाद म्हणायचं. एक्स्चेंज बंद झालं, नियम गेले, धन्यवाद मात्र काकूबरोबर घरी राहायला आले. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं तर कुलपाला धन्यवाद. बस वेळेवर आली तर बसला, आणि उशिरा आली तर निदान आली म्हणून. काका सांगायचे, ‘लग्नाला मी होकार दिला तेव्हाही ही धन्यवाद म्हणाली. मला वाटलं, झालं, आता वायर काढून घेते.’

काका गेल्यावर घर फार शांत झालं. आयुष्यभर कानात गाव भरून राहिलेल्या बाईला शांतता सोसवत नाही. मी वरच्या मजल्यावर राहतो, पण पुतण्या म्हणजे काही एक्स्चेंज नव्हे. मग तिने मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. आवाज पाहिजे म्हणून कोंबड्या पाळणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. लोक रेडिओ घेतात.

कोंबड्यांची नावंही तिने आपल्या खात्यातलीच ठेवली. अंडं घातल्यावर सगळी गल्ली डोक्यावर घेणारी ती ट्रंककॉल. रिकाम्या खुराड्यात दिवस दिवस फुगून बसणारी, हात लावला की टोचणारी, ती एंगेज. बाकीच्यांच्या दाण्यावर नजर ठेवणारी, मान ताठ करून चालणारी ती सुपरवायझर. आणि आपलं अंगण सोडून सदैव दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहणारी ती राँग नंबर. रोज सकाळी काकू खुराड्यात वाकायची, कोमट अंडं काढायची आणि ज्या कोंबडीचं असेल तिला नाव घेऊन धन्यवाद म्हणायची. कोंबड्याही त्यावर काहीतरी बोलायच्या. एकूण कामकाज सुरळीत चाललं होतं.

कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे छापखानेवाले राहायचे. एका मोठ्या छापखान्यात ते मशीन चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत एक पायाने चालवायचं छोटं मशीन बसवलं होतं आणि त्यावर बेकरीची लेबलं, दुकानांची कार्डं असलं किरकोळ काम छापायचे. बायको वारलेली, मुलगा दुसऱ्या शहरात. गल्लीचं त्यांच्याबद्दल एकमत होतं, की माणूस शिष्ट आहे. हाक मारली तर वळत नाही. मात्र वाचून झालेला पेपर ते रोज भिंतीवरून काकूच्या अंगणात टाकायचे, घडी अशी की जणू आत्ताच छापून निघालाय. काकू तेव्हा कोंबड्यांत वाकलेली असायची. ती तशीच वाकलेल्या पाठीने खणखणीत आवाजात धन्यवाद म्हणायची. पलीकडून कधीही हूं की चूं नाही. ‘एक शब्द खर्च करतील तर शपथ,’ ती मला म्हणायची. ‘पण पेपर देतात बिचारे. आपण आपला धन्यवाद द्यावा.’

छापखानेवाल्यांकडे एक कुत्रा होता, तपकिरी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडका. त्याचं नाव फोरमन. त्याचा लौकिक मालकाहूनही वाईट. पोस्टमनने सायकलची घंटी वाजवली की तो हँडलला लोंबकळायचा. बर्फवाल्याची घंटा तर त्याने एकदा हातातून काढून नेली होती. तक्रारी मुलाकडे जायच्या. मुलगा लांबून सगळ्यांची माफी मागायचा, आणि हल्ली हल्ली म्हणायला लागला होता, की आणखी एक तक्रार आली तर कुत्र्याचा निकाल लावतो.

ती आणखी एक तक्रार काकूने केली.

त्या दिवशी सकाळी राँग नंबरने जन्मात पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या खुराड्यात अंडं घातलं. त्या आनंदात तिने जो कलकलाट केला तो मी वर दाढी करताना ऐकला. मग भिंतीवर नखं घासल्याचा आवाज, पिसांची फडफड, आणि एकदम शांतता. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावली तेव्हा फोरमन भिंत ओलांडून पलीकडे उतरत होता आणि त्याच्या तोंडात राँग नंबर होती. थोड्या वेळाने छापखानेवाल्यांनी ती कोंबडी भिंतीवर आणून ठेवली. मान लवलेली होती. काकू खिडकीतून ओरडली, ‘अहो, तुमच्या कुत्र्याने मारली तिला.’ छापखानेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, हात वर केला, मिशीतल्या मिशीत काही पुटपुटले आणि घरात गेले.

त्या वर केलेल्या हाताने काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘बागेत फिरायला आल्यासारखा हात केला मला,’ ती म्हणाली. मुलाचा नंबर शोधावा लागला नाही, तिच्या डोक्यात अजून अर्ध्या गावाचे नंबर आहेत. मुलगा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, की काकू, रविवारी येतो. कुत्र्याला एका मित्राच्या शेतावर सोडतो आणि बाबांनाही इकडे आणतो. एकटे राहून फार तुसडे झालेत, फोनवरसुद्धा धड बोलत नाहीत. मशीन विकून टाकू.

काकूने त्यालाही धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. मग राँग नंबरला अंगणाच्या कोपऱ्यात पुरून आली आणि दिवसभर कोणाशीच हॅलो केलं नाही.

रविवारपर्यंत उरलेल्या तिघींना सांभाळायचं होतं. खुराड्याभोवतीची जाळी जुनी, ठिकठिकाणी गंजलेली. काकूने भोकांत विटा बसवल्या. जाळीवरून रिकाम्या डब्यांची माळ बांधली, म्हणजे कुत्रा आला की डबे वाजतील आणि आपल्याला कळेल. सकाळी पाहते तर कोंबड्या जागच्या जागी आणि डब्यांची माळ गायब. मग तिने काकांचं गजराचं घड्याळ खुराड्यावर ठेवलं, पहाटे वाजून चोर दचकावा म्हणून. घड्याळ वाजलं आणि तेही गेलं. त्याच सकाळी ट्रंककॉलने अंडं घातलं, गल्ली डोक्यावर घेतली आणि बघता बघता तीही गेली. काकू कपाळाला हात लावून बसली. इतक्यात छापखानेवाल्यांनी ट्रंककॉलला भिंतीवर आणून ठेवलं, कुत्र्याच्या लाळेने ओलीचिंब, पण जिवंत. नुसती जिवंत नाही, तक्रार करणारी.

‘कोंबडी पळवतो ते समजू शकते,’ काकू मला म्हणाली. ‘पण डबे कशाला? आणि तुझ्या काकांचं घड्याळ?’

मी म्हटलं, तो घर मांडायच्या बेतात असेल. काकूने माझ्याकडे, एखादा कॉल मध्येच कट करावा तसं पाहिलं आणि संध्याकाळी घड्याळ आणायला स्वतः शेजारी गेली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं, तेही छापखानेवाल्यांची परवानगी घेऊन.

तिने बेल वाजवली. आत फोरमनची पावलं धावली. दार उघडलं तेव्हा छापखानेवाल्यांच्या पॅंटचा पाय फोरमनच्या दातांत होता आणि तो त्यांना दारापर्यंत ओढत घेऊन आला होता. काकूने वाटेत पाठ केलेलं लांबलचक भाषण सुरू केलं. छापखानेवाले वाकून कुत्र्याचे दात कापडातून सोडवत होते. भाषण संपलं तसे ते सरळ झाले आणि हसून म्हणाले, ‘या ना वहिनी. पेपर मिळतो ना वेळेवर?’

काकू आत जाऊन बसली. खिडकीजवळच्या टेबलावर तिचं घड्याळ होतं. शेजारी डब्यांची माळ छान गुंडाळून ठेवलेली, बर्फवाल्याची घंटा, आणि एका पेल्यात ट्रंककॉलचं पीस. छापखानेवाले तिच्याकडे पाठ करून चहा ठेवत होते. ‘हे घड्याळ माझं आहे,’ ती म्हणाली. पाठ हलली नाही. तिने जरा मोठ्याने सांगितलं, मग एक्स्चेंजमध्ये खराब लाईनवर काढायची त्या आवाजात सांगितलं. पाठ तशीच.

तेवढ्यात फोन वाजला, तो बिनवायरीचा, मुलाने आणून दिलेला. छापखानेवाल्यांची मान वळली नाही. फोरमन मात्र मागच्या अंगणातून धावत आला, वाजता फोन तोंडात धरून त्याने जागेवरून उचलला आणि मालकाच्या गुडघ्याला नाक लावलं. मालकांनी त्याला बिस्किट दिलं, बटण दाबलं आणि बोलायला लागले. मी मजेत आहे, तू बरा आहेस ना, सूनबाई बरी आहे ना, इकडे सगळं ठीक, काळजी करू नकोस, ठेवतो. एवढं बोलून त्यांनी फोन कानावरून काढला, पण लगेच ठेवला नाही. क्षणभर तळहातावर धरला, जशी एखादी गरम वाटी धरावी, आणि मग बटण दाबलं.

काकूचा जन्म लोकांचे फोन जोडण्यात गेलेला. तिला पुरेपूर माहीत होतं, की फोनवर बोलणारा माणूस दर वाक्यानंतर थांबतो. प्रेमात असो, भांडणात असो, पलीकडच्याला जागा सोडतो. छापखानेवाल्यांनी कुठेच जागा सोडली नव्हती. बरा आहेस ना विचारून उत्तराला थांबले नव्हते. उत्तर येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

उत्तर मात्र आलं होतं. फोनचा आवाज पुरता वाढवून ठेवलेला होता. मुलगा म्हणत होता, की बाबा, जरा ऐका, रविवारी येतोय, तुमचं सामान बांधून ठेवा, फोरमनची मी व्यवस्था केलीय, बाबा, ऐकताय ना. खोलीत हे ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ते लाईनवरचं लाईनवर ठेवणारं.

चहा निवला तरी तिने कप उचलला नाही. इतक्या वर्षांत जो नियम तिने एकदाही मोडला नव्हता तो मोडायचा होता, आणि त्याहून अवघड म्हणजे तोंडाने मोडून भागणार नव्हतं, चेहऱ्याने मोडायला हवा होता. एक्स्चेंजमध्ये चेहऱ्याला काम नसतं. शेवटी ती उठली, छापखानेवाल्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ नीट हलवून म्हणाली, ‘तुमचा मुलगा रविवारी येतोय.’

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ‘कशाला?’

‘फोरमनला न्यायला. आणि तुम्हाला.’

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘त्यानेच. आत्ता. तुमच्या कानात.’

छापखानेवाले खुर्चीत बसले. फोरमनने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. त्यांनी विचारलं, ‘तक्रार कोणाची?’

‘माझी.’

त्यांनी मान डोलावली. ‘बरोबर आहे. कोंबडी गेली तुमची. मी त्या दिवशी तुमची माफी मागितली होती, खिडकीकडे बघून.’

मागितली होती, पण आपला आवाज किती निघतो हे त्यांना कळत नसे. कधी शेजारच्या गल्लीत जाईल इतका निघायचा, तर कधी मिशीच्या बाहेरही पडायचा नाही. ती माफी मिशीत अडकली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीनशेजारी उभं राहून कान अर्धे आधीच गेले होते, उरलेले निवृत्तीनंतर गेले. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं, त्यात नुसती घरघर. मुलाला कळलं तर तो एक दिवस इथे राहू देणार नाही. मशीन जाईल, घर जाईल. म्हणून फोरमनला शिकवलं, की जे वाजेल ते आणून दे. फोन वाजला, फोन आण. घड्याळ वाजलं, घड्याळ आण. कुकर तेवढा उचलता येत नाही. पहिल्यांदा गेला होता उचलायला, नाक भाजून घेतलं. तेव्हापासून जे उचलता येत नाही त्याच्यासाठी तो मालकाची पॅंट ओढतो. हुशार आहे.

‘पण इतके दिवस तो भिंत ओलांडायचा नाही, त्यामुळे कोंबडी वाजते हे माझ्या ध्यानातच आलं नाही,’ ते म्हणाले. ‘मला कुठे ऐकू येते ती. मला वाटायचं, तुम्ही रागाने माझ्याकडे वस्तू फेकताय. आधी डबे, मग घड्याळ, मग जिवंत कोंबडी.’

काकू हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तेही तिला समोर बसून करावं लागलं. निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, की ऐकू येत नाही हे मुलाला सांगू नका. काकूने शब्द दिला. घरी आली आणि मला म्हणाली, रविवारी तुला काम आहे. काय, ते सांगितलं नाही.

काम असं होतं, की रविवारी सकाळी तिन्ही कोंबड्या उचलून काकूच्या न्हाणीघरात कोंडायच्या. वाजणारं काही अंगणात दिसता कामा नये. एंगेजने माझ्या मनगटाला टोचून घेतलं, ट्रंककॉलने वाटेतच शिमगा केला... म्हणजे इतका आरडाओरडा, की मला मीच चोर वाटायला लागलो. दोघी आत गेल्या. सुपरवायझर मात्र बादलीवर चढली, बादलीवरून खिडकीत गेली आणि आमच्याकडे एक नजर टाकून बाहेर उतरली. तिला शोधायला वेळ नव्हता. दारात गाडी येऊन थांबली होती.

मुलगा चेहऱ्यावरून दमलेला, बोलायला सभ्य. गाडीच्या मागे त्याने कुत्रा न्यायचा भलामोठा पिंजरा आणला होता, नव्या कोऱ्या जाळीचा. तो आत जायच्या आधीच काकूने त्याला अंगणात गाठलं.

‘बाळा, माझी तक्रार मी मागे घेते. कुत्रा नव्हता तो. मुंगूस होतं.’

‘काकू, तुम्हीच म्हणालात ना, तोंडात कोंबडी धरलेली बघितली म्हणून?’

‘लांबून मुंगूस कुत्र्यासारखं दिसतं.’

‘पडक्या कानाचं?’

‘काही मुंगसं असतात तशी,’ काकू म्हणाली. आयुष्यभर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ याच्यापलीकडे खोटं न बोललेल्या बाईला याहून बरं काय सुचणार.

छापखानेवाले अंगणातल्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, मुलाच्या ओठांवर नजर. फोरमन खुर्चीखाली. मुलगा म्हणत होता, बाबा, त्रास नका करून घेऊ. बाबा ओठ वाचून योग्य जागी मान हलवत होते. अजून थोडं निभावलं असतं. पण त्याच वेळी भिंतीपलीकडे, जाईच्या वेलाखाली, सुपरवायझरने आपलं अंडं घातलं आणि ते सगळ्या खात्याला कळवलं.

फोरमन उठला. भिंत ओलांडून गेला, आणि परत आला तो तोंडात सुपरवायझरला अलगद धरून. ती जिवंत होती आणि संतापाने थरथरत होती. त्याने तिला मालकाच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसून शेपटी हलवू लागला. आणि छापखानेवाल्यांच्या हाताने सवयीने खिशातून बिस्किट काढलं. ‘शाबास,’ ते म्हणाले.

फोरमनच्या मागोमाग भिंतीशी धावलेला मुलगा आता त्यांच्या मागे उभा होता. ‘बाबा, तुम्ही त्याला शाबासकी देताय?’ उत्तर नाही. ‘बाबा.’ उत्तर नाही. त्याने काकूकडे पाहिलं. काकूने ओठ घट्ट मिटून घेतले होते. दिलेला शब्द पाळणं तिला कधी इतकं जड गेलं नसेल. मुलगा वळसा घालून समोर आला. बापाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या कोंबडीकडे पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं.

‘मला ऐकू येत नाही रे,’ ते म्हणाले. ‘अगदीच नाही. बरीच वर्षं झाली.’

मुलगा खाली जमिनीवरच बसला, फोरमनच्या शेजारी. ‘मग रोज फोनवर?’

‘तू काय बोलायचास ते नाही कळायचं. पण तू बोललास की ते यंत्र थरथरतं. मशीनवर हात ठेवला की मला अजून कळतं, कुठला स्क्रू सैल आहे. तसं माझं बोलून झालं की शेवटचं थोडं तळहातावर धरायचो. थरथरलं की समजायचं, आहे.’

मुलगा बराच वेळ फोरमनचा पडका कान सरळ करत राहिला. तो कान सरळ होत नाही. ‘आणि मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसतं,’ तो म्हणाला. मान खाली घालून म्हणाला, त्यामुळे बापाला ते कळलं नाही. काकू दोघांच्या मध्ये उभी होती. तिने छापखानेवाल्यांकडे तोंड केलं आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द आपल्या पदरचा न घालता, ओठांनी पुन्हा म्हटलं. मग ती गप्प झाली. मी भिंतीजवळून बघत होतो. ती फळीसमोर बसलेली कशी दिसत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पण प्रश्न सुटला नव्हता. मुलाचं म्हणणं, की ऐकू न येणारा माणूस एकटा राहणार कसा. छापखानेवाले म्हणाले, मी एकटा नाहीच. आणि फोरमनकडे बोट केलं. मुलगा म्हणाला, पण हा शेजाऱ्यांच्या कोंबड्या आणतो, त्याचं काय. तेव्हा काकूला कुकर आठवला.

‘तो उचलता येईल तेच आणतो,’ ती म्हणाली. ‘उचलता आलं नाही तर यांना बोलावतो. कोंबडी कुकरसारखी करायला पाहिजे.’ मुलाला वाटलं ती शिजवायचं म्हणतेय. काकूने खुराड्याकडे बोट केलं. जाळी पक्की हवी होती, बस्स. आणि पक्की जाळी गाडीच्या मागे होती.

दुपारपर्यंत तो पिंजरा आम्ही सुटा केला. मुलगा पक्कड घेऊन, मी खिळे तोंडात धरून, छापखानेवाले प्रत्येक जोड बोटाने चाचपून ‘इथे हलतंय’ असं सांगत. ज्या पिंजऱ्यातून फोरमन जायचा होता त्याच्या आड कोंबड्या राहायला गेल्या. मग आम्ही सगळे छापखानेवाल्यांच्या अंगणात जाऊन अंडं होण्याची वाट बघत बसलो. सुपरवायझरचं त्या दिवसाचं काम झालं होतं. एंगेज एंगेज होती. सगळा भार ट्रंककॉलवर, आणि ती, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प. मुलाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. काकूने जाऊन खुराड्यात वाकून तिला काहीतरी सांगितलं, काय ते तिला आणि कोंबडीलाच ठाऊक.

आणि मग ट्रंककॉल बोलली.

फोरमन उडी मारून गेला. जाळीला नाक लावलं. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. पंजा लावला, जाळी हलली नाही. तो मागे सरून बसला आणि विचार करू लागला. मुलाने पक्कड खाली ठेवली. फोरमन उठला, भिंत ओलांडून परत आला आणि त्याने मालकाच्या पॅंटचा पाय धरला. छापखानेवाले त्याच्यामागे निघाले, फाटकातून बाहेर, आमच्या फाटकातून आत, थेट खुराड्यापर्यंत. हात घालून त्यांनी कोमट अंडं काढलं आणि काकूच्या हातात ठेवलं.

‘धन्यवाद,’ काकू म्हणाली, त्यांच्याकडे तोंड करून.

त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, ‘इतकी वर्षं पेपर देतोय, तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मला वाटायचं, बाई जरा शिष्ट आहे.’

‘रोज म्हणत होते हो,’ काकू म्हणाली. ‘तुमच्याकडे पाठ करून.’

गाडी संध्याकाळी रिकामीच परत गेली. रिकामी म्हणजे मागे पिंजरा नव्हता. पुढे मात्र त्या दिवशीची अंडी कापसात गुंडाळून ठेवली होती, सूनबाईसाठी.

आता रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायच्या सुमारास काकू केस नीट करून शेजारी जाते. फोरमन फोन आणतो, काकू तो कानाला लावते, छापखानेवाले समोर बसतात. पलीकडून येईल ते ती ओठांनी त्यांना देते. त्यांचं संपेपर्यंत थांबते, आणि मुलाला जागा सोडते. कॉल हल्ली फार लांबतात. मी विचारतो, आज काय बोलले. ती म्हणते, लाईनवरचं लाईनवर. पण परत येताना तिची चाल बघावी. एक्स्चेंज बंद झाल्यापासून ती अशी चाललेली मला आठवत नाही. शेवटी फोन मात्र छापखानेवाल्यांकडे जातो. तळहातावर.

आणि सकाळी, कोंबडी बोलली की फोरमन मालकांना खुराड्याशी आणून उभं करतो. ते अंडं काढून देतात. पेपरही आता फेकत नाहीत, हातात देतात. एखाद्या अंड्यावर त्यांचाही हक्क असतो. ते मिळालं की छापखानेवाले धन्यवाद म्हणतात. एकदा माफी मिशीत अडकल्याचा त्यांनी धसका घेतलाय, त्यामुळे हल्ली कसर ठेवत नाहीत. तो धन्यवाद गल्लीच्या टोकाला बेकरीत ऐकू जातो. त्याने ट्रंककॉल दचकते, पोस्टमन सायकलवरून उतरतो आणि मला रविवारीसुद्धा उठावं लागतं.

गल्लीतून अजून एकही तक्रार गेलेली नाही.